कुमुशची मळणी, सालिकाचा पूल

कुमुशला वाट बघणं जमत नाही, हे आमच्या डोंगरातल्या नारिन गावात कुत्र्यामांजरांनाही ठाऊक आहे. चहाला उकळी फुटायच्या आत ती तो ओततेच, आणि मग फिका झाला म्हणून किटलीला बोल लावते. म्हणे जन्मतानाही ती सुईण यायच्या आधीच येऊन बसली होती. लग्नाच्या दिवशी नवऱ्याकडची माणसं वेळेत येईनात, तेव्हा हिने आपली पेटी आपणच ओढत दाराबाहेर आणून ठेवली आणि वर चढून रस्त्याकडे डोळे लावून बसली. तिच्या आईला त्यानंतर कितीतरी दिवस शेजारणींपुढे तोंड काढायची सोय राहिली नाही.

पण हात म्हणाल तर विजेचे! सगळ्या मेंढ्या सरकारी होत्या तेव्हाची गोष्ट. वसंत आला की लोकर कातरायला बायका रांगेने बसायच्या. इतरजणींची मेंढी निम्मी होईतो कुमुशची नागडी होऊन, लाजून कळपात पळालेली असायची. वरून साहेब आले, त्यांनी तिचा हात हातात घेऊन हलवला आणि कचेरीसमोरच्या मानाच्या फळ्यावर तिचा फोटो लागला. फोटोत तिचं तोंड नीट दिसत नाही. फोटोवाला "हलू नका" म्हणाला होता.

आता कातर सुटली, मेंढ्या गेल्या, गेल्या हिवाळ्यात बर्फावर घसरून एक गुडघाही गेला. पण हात अजून शिवशिवतात. त्या हातांना काम मिळालं ते मुलाच्या दुकानात. एर्मेकने बाजारामागे, पूर्वी चांभार बसायचा त्या जागेत, व्हिडिओ गेमचं दुकान काढलं. पडदे, गाद्या, जॉयस्टिका, आणि दुपारी शाळा सुटली की पोरांचा हा गोंगाट. कुमुश दाराशी बसते. आधी बूट काढायचे, मग हात धुवायचे, मगच आत. कणकेचे, तेलात तळलेले बोर्सोक खाऊन तसेच हात जॉयस्टिकला लावले की लाटणं दाखवते. आईवरून शिवी दिली तर नुसतं दाखवत नाही.

सकाळी दुकान रिकामं असतं. सूर्यफुलाच्या बियांची टरफलं बटणांच्या फटींत अडकतात, ती सुईने काढायची आणि बटण चालतंय का ते बघायचं, हे काम एर्मेकने आईला लावून दिलं.

"नुसतं दाबून कसं कळणार?" कुमुश म्हणाली.

"मग खेळूनच बघ," तो म्हणाला, आणि वर्षभर पस्तावला.

तिला मिळाला तो खेळ म्हणजे दोन तलवारी घेतलेल्या एका पोरीचा. आभाळातून शिंगवाले राक्षस पडतात, दहा आले तर वीस, वीस आले तर विचारू नका. पोरीने मारत सुटायचं. एक वार, दुसरा, तिसरा, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. खंड पडला नाही की घंटी वाजते, आकडा चढतो, पडद्याला आग लागते. राक्षस उडवायचा, जमिनीला टेकायच्या आत वरच्यावर आणखी झोडायचा. आपल्याला चार फटके बसले तरी काही बिघडत नाही, पडलेल्या राक्षसातून हिरवे मणी निघतात, ते गिळले की अंगात पुन्हा जीव. खेळाच्या डबीवरचं नाव परक्या लिपीत होतं. कुमुशने त्याला नाव दिलं 'मळणी', आणि मग पोरंही तेच म्हणू लागली. "एर्मेक भाऊ, मळणी लावा ना!"

आता सालिका. सालिका म्हणजे कुमुशची विहीण, सून चोल्पोनची आई. ती बालिक्चीची, तळ्याकाठची. नवरा मासे धरायचा आणि हिवाळ्यात तळ्याच्या कडेला बर्फ धरलं की तीही भोक पाडून, गळ सोडून बसायची. बसायची म्हणजे अशी, की एकदा तिच्या खांद्यावर कावळा येऊन, मनसोक्त ओरडून, कंटाळून उडून गेला तरी हिने मान वळवली नाही. बोलतानाही तसंच. तुम्ही विचारायचं, चहा प्यायचा, दुसरा प्यायचा, तोवर तिचं उत्तर येतं. आणि येतं ते नेमकं तुमच्या वर्मावर.

हिवाळ्यात ती मुलीकडे राहायला येते. एका सकाळी कुमुशबरोबर दुकानात बसली होती. मळणी बराच वेळ बघून म्हणाली, "विहीणबाई, हे युद्ध आहे का गाद्या झटकणं?"

"तुम्ही झटकून दाखवा."

"मला धुळीचा त्रास होतो," सालिका म्हणाली आणि फडताळातून दुसरी डबी काढून एर्मेकपुढे धरली. "जावईबापू, हे लावा. यावरचा माणूस उभा राहिलेला तरी दिसतोय."

त्या खेळात बर्फ पडतं. एक लांब पूल आहे. पुलावर एकटा तलवारवाला, आणि समोरून एका वेळी एकच गडी येतो. आपण तलवार फिरवली की दम खर्च होतो, उगाच फिरवत बसलं की आपला माणूस धापा टाकत उभा राहतो आणि समोरचा येऊन त्याला शांतपणे कापतो. तेव्हा मारायचं नाही. बघायचं. समोरच्याचा खांदा हलतो, पाऊल सरकतं, तलवार वर जाते, आणि खाली येते त्या क्षणी आपली आडवी धरायची. ठण्ण! त्याचा तोल जातो. मग एकच वार. दुसरा लागतच नाही. पण क्षण चुकला, की आपला माणूस आडवा आणि पुन्हा पुलाच्या अलीकडे, खेळ जिथून सुरू होतो त्या पहिल्या शेकोटीपासून चालत या.

सालिकाला हा खेळ असा मानवला, जसा काही तिच्या माहेरचाच होता. 'पूल' हे नावही कुमुशनेच ठेवलं, पण नाक मुरडून. तिने तो एकदाच खेळून बघितला. पहिल्याच गड्यावर धावून गेली, सपासप तलवार चालवली, दम संपला आणि मेली. पुन्हा धावली, पुन्हा मेली. जॉयस्टिक ठेवून म्हणाली, "हे युद्ध आहे का चहा मुरवणं? मेल्याने मारायचं तर मारावं!"

"तो मारतोच आहे," सालिका म्हणाली. "तुम्हाला."

असा सगळा गमतीचा मामला. विहिणींनी एकमेकींची खिल्ली उडवायची, हा आमच्याकडे धर्मच आहे. न उडवणारी विहीण घमेंडी समजतात. पण आरुकेची गोष्ट निघाली आणि गमतीला धार आली.

आरुके म्हणजे दोघींची नात. तिच्याहून धाकट्या पोरी कोंबड्यांमागे पळायला लागल्या, ही मात्र भिंतीला धरून उभी. हात सोडला की बसते. डॉक्टरीणबाई म्हणाली, "पाय ठणठणीत आहेत, मनात आलं की चालेल." कुमुशचा जीव तेवढ्याने थोडाच शांत होणार? मेंढीच्या शेपटीची चरबी गरम करून ती रोज त्या गुबगुबीत पिंढऱ्या चोळायची आणि चोळता चोळता पुटपुटायची, "ऊठ गं माझ्या शिंगरा, ऊठ." वरून हसायची, पण सुनेची पाठ वळली की डोक्याच्या रुमालाने डोळे पुसायची.

लेकरू चालायला लागावं म्हणून दोरी कापायचा सण असतो. काळी-पांढरी लोकर पिळून दोरी करायची, लेकराच्या पायांना बांधायची, ज्यांना कापायची आहे त्यांनी लांबून धावत यायचं. पहिला येईल त्याने सुरीने दोरी कापायची आणि हात धरून लेकराला चालवायचं. कापणाऱ्याची चाल लेकराला लागते. यात कुणाला शंका असेल तर त्याने बेकनूरकडे बघावं.

बेकनूर हा आरुकेचा थोरला भाऊ. त्याच्या वेळी दोन्ही आज्या धावल्या होत्या. धावायची खूण म्हणून टाकायचा रुमाल पडायच्या आत कुमुश दोनदा सुटली, दोनदा माघारी आणली, तिसऱ्यांदा घागऱ्यात पाय अडकून आपटली. आणि सालिका तिच्या बाजूने चालत, हो, चालत, पुढे गेली आणि दोरी कापली. आता बेकनूर शाळेत जातो. म्हणजे निघतो. पोचतो तेव्हा पोरं डबा खाऊन हात पुसत असतात.

"एक नातू दिला तुम्हाला," कुमुश म्हणाली. "ही पोर माझी. हिची दोरी मी कापणार. तुम्ही कापलीत तर ती म्हातारी होईस्तोवर भिंतीला धरून उभी राहील."

सालिकाने चहा प्यायला. दुसरा ओतून घेतला. "आणि तुम्ही कापलीत, तर उभी राहायच्या आधीच पळेल आणि नाक फोडून घेईल. बेकनूरचं नाक बघा. सरळ आहे."

"नाकाने चालायचंय का तिला?"

"अपा, आई, पुरे ना आता!" चोल्पोन मध्ये पडली. सासूला ती अपा म्हणते. "धावणार कोण आहे तुमच्यातलं? तुमचा गुडघा गेलाय, हिचे दोन्ही सुजलेत. शेजारची मुलं धावतील, त्यातलं कुणी कापेल."

दोघींनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती पुन्हा पीठ मळायला लागली.

तोड काढली सागिनबाबांनी. सागिनबाबा गल्लीतले सगळ्यांत थोरले, दाढी छातीपर्यंत पांढरी. ऐकू कमी येतं, पण त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. एर्मेक त्यांना सणाचं आमंत्रण द्यायला गेला आणि हसत हसत म्हणाला, "बाबा, या दोघी पायाने तर धावू शकत नाहीत, बोटांनीच धावतील बहुतेक."

बाबांनी ते खरं धरलं. "धावू देत. घोड्यांची शर्यत चालते, पायांची चालते, बोटांना काय रोग झालाय?"

"बाबा, पण दोघींचे खेळ वेगळे. आईची मळणी, सासूबाईंचा पूल."

बाबांनी दाढी कुरवाळली. "आपल्या घोड्यावर बसून कुणीही मिरवतं. हिला तिच्या घोड्यावर बसवा, तिला हिच्या. जी आधी पडेल ती हरली."

सांगून झालं आणि त्यांनी डोळे मिटले. म्हणजे निकाल कायम.

कुमुशच्या तोंडचं पाणी पळालं. पुलावर ती कधी पाणी पिण्याएवढाही वेळ टिकली नव्हती. सण येईपर्यंत तिने सकाळी गुपचूप पूल लावून बघितला, तर तोच पहिला गडी, तेच धावणं, तेच मरण. "थांब गं बाई, थांब," असं स्वतःला म्हणायची आणि म्हणता म्हणता बोट बटणावर पडलेलं असायचं. तिकडे सालिका निवांत. मळणीची तयारी म्हणून तिने एक डुलकी काढली.

सणाच्या दिवशी घरात माणसं मावेनात, म्हणून जेवणाचं दस्तरखान दुकानातच अंथरलं. बोर्सोकांचे ढीग, साय, जर्दाळूचा मुरंबा, बाहेर कढईत मेंढा. मधोमध गालिचावर आरुके, पायांना काळी-पांढरी दोरी, चोल्पोन तिला मागून धरून. समोर दोन पडदे शेजारी शेजारी. सागिनबाबा मानाच्या जागी, दाराच्या समोर.

"विहीणबाई," सालिका बसता बसता म्हणाली, "तुमच्या सोयीसाठी मी पूल पहिल्या गड्यापासून नाही ठेवला. मी जिथवर पोचले तिथून पुढे खेळा. तेवढीच तुमची पायपीट वाचली."

"तुमचे उपकार," कुमुश म्हणाली. तिला त्यात काहीतरी कावा दिसला, पण कोणता ते कळेना.

एर्मेकने रुमाल टाकला. या खेपेला कुमुश आधी सुटली नाही, कारण जॉयस्टिकच एर्मेकने रुमालाबरोबर हातात दिली.

मळणीत सालिकाची तलवारवाली पोर उभी राहिली. सालिका राक्षसाने आधी हात उचलावा म्हणून वाट बघू लागली. एकाने उचलला, तिने तो चुकवला, छान. पण मळणीत एकेक कोण येतो? मागून सहाजण आले आणि पोरीला बुकलू लागले.

"अहो, ओळीने या की!" सालिका पडद्यावर ओरडली. तिला ओरडताना आजवर कुणी ऐकलं नव्हतं. पाहुण्यांचे घास हातातच राहिले.

इकडे कुमुशच्या पुलावर बर्फ पडत होतं. तिने दात-ओठ खाऊन बटणावर बोट ठेवलं. धुक्यातून समोरचा गडी पुढे आला. सालिकाचा कावा तो हाच. पहिल्या पोरसवद्या शिपायांसारखा हा नव्हता. यानेच सालिकाला हिवाळाभर पुन्हा पुन्हा आडवं केलं होतं. वाकलेला, हातात लांब तलवार, आणि छातीपर्यंत पांढरीशुभ्र दाढी.

कुमुशचं बोट उचललं गेलं.

ते तिने उचललं नाही, आपसूकच उचललं गेलं. पांढऱ्या दाढीसमोर हात कसा उगारायचा? ज्या घरात ती सून म्हणून आली तिथे थोरल्या माणसाची वाट ओलांडायची नाही, तो येत असला तर बाजूला होऊन उभं राहायचं, हे तिच्या हाडात मुरलेलं. तिचा गडी चार पावलं मागे सरला आणि पुलाच्या कठड्याशी बाजूला होऊन उभा राहिला.

म्हातारा थांबला. हाही थांबला. बर्फ पडत राहिलं.

"आई, मार ना!" एर्मेक न राहवून म्हणाला.

"गप बस! आधी त्यांना जाऊ दे."

"त्यांना जायचं नाहीये, तुला मारायचंय!"

"थोरल्यांना वाटलं तर मारतील. मी काय म्हणून आधी?"

म्हाताऱ्याचा खांदा हलला. पाऊल सरकलं. तलवार वर गेली. कुमुश डोळे न मिटता बघत होती, जसं सासऱ्याच्या तोंडाकडे बघून, आता ते चहा मागणार का रागावणार, हे ताडायची तसं. तलवार खाली आली तशी तिने आपली आडवी धरली. ठण्ण! म्हाताऱ्याचा तोल गेला, छाती मोकळी पडली. एकच वार लागत होता.

"आता, आता!" सगळं दुकान ओरडलं.

कुमुशने वार केला नाही. तिचा गडी पुन्हा दोन पावलं मागे गेला, म्हाताऱ्याला सावरायला वेळ दिला आणि उभा राहिला. पुन्हा तलवार, पुन्हा ठण्ण, पुन्हा मागे. कपाळावर घाम, ओठ घट्ट. आयुष्यात ती एवढा वेळ एका जागी बसलेली तिच्या मुलानेही पाहिली नव्हती.

शेजारच्या पडद्यावर मात्र नवलच चाललं होतं. मार खाऊन खाऊन सालिकाचं डोकं फिरलं. "मेल्यांनो, माणूस बघताय की नाही!" असं म्हणून तिने सगळी बटणं एकदम बडवली. एक राक्षस उडाला. घंटी वाजली. तिने पुन्हा बडवली. आणखी दोन उडाले. घंटी, आकडा, आग! सालिकाचे गाल लाल झाले, डोक्याचा पांढरा रुमाल कानावर आला. सुजलेल्या गुडघ्यांवर ती उड्या मारायचीच बाकी होती.

"अगं बाई, हे तर भलतंच छान आहे!" ती किंचाळली. "चोल्पोन, बघ तुझी आई! विहीणबाई, आकडा बघा! अहो, बघा तरी, शंभर..."

आकडा दाखवायला तिने बोट उचललं, आणि मळणीत खंड पडला. शिंगवाल्याने मागून एकच ठोसा दिला. पोर आडवी. पडदा काळा.

कुमुशचा गडी कठड्याशी उभा होता. म्हातारा तलवार उचलतच होता.

गलका झाला. सालिका रुमाल सावरत म्हणाली, "ही लबाडी! यांनी एक वार केलेला नाही. लढल्याच नाहीत! नुसत्या अदबीने उभ्या होत्या!"

"जी आधी पडेल ती हरली, असं ठरलं होतं," कुमुश म्हणाली. "मी पडले?"

सगळे सागिनबाबांकडे वळले. बाबांना बोलणं काही ऐकू आलं नव्हतं, पण पडदा दिसत होता. ते वाकून बघत होते.

"हा म्हातारा कोण?" त्यांनी विचारलं. एर्मेकने कानाशी ओरडून सांगितलं, की खेळातला आहे, खरा नाही.

"आणि हिने त्याच्यावर हात उचलला नाही?"

"एकदाही नाही, बाबा!"

"मग वाद कसला घालताय?" बाबा म्हणाले. "सुरी द्या तिला."

कुमुश गालिचावर लंगडत आली, गुडघा सांभाळत आरुकेसमोर बसली आणि दोरी कापली. काळा-पांढरा धागा दोन्हीकडे गळून पडला. चोल्पोनने हात काढून घेतले. आरुके आजीच्या बोटाला धरून उभी.

आता चालवायचं. कुमुशच्या हाताला ओढ लागली होती, ती सगळ्यांना दिसत होती. पोरीला ओढली असती तर पोर बसली असती, रोज तसंच व्हायचं. पण आज ओढ दंडापर्यंत आली आणि तिथेच अडली. कुमुशने तिच्या पावलांकडे डोळे लावले आणि बोट तसंच धरून ठेवलं. आरुके आजीकडे बघत होती. आजी पावलाकडे. बाहेर कढईतला मेंढा शिजून शिजून खदखदत होता. एका पाहुण्याने खोकून दाखवलं.

"अहो, ओढा की जरा!" सालिका घायकुतीला आली. "एक धक्का द्या, चालेल ती! कशाची वाट बघताय?"

"श्श! तिचा खांदा हललाय."

खरंच हलला होता. मग गुबगुबीत गुडघा वळला, पाऊल सरकलं, हवेत गेलं, तिथे जरा विचार करत राहिलं, आणि पुढे पडलं. आरुके एक पाऊल चालली.

इथवर कुमुशने धरलं. पण याच्यापुढे धरायला ती काही दगडाची नव्हती. "चालली! चालली माझं शिंगरू!" अशी तिने जी आरोळी ठोकली, ती सागिनबाबांनाही ऐकू आली. आरुके दचकली आणि धपकन बसली.

कुमुशने जीभ चावली. पण पोर रडली नाही. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, दोन्ही आज्यांची तोंडं नीट न्याहाळली, गालिचावरचा एक बोर्सोक उचलून चावला, आणि मग बेताबेताने, भिंत नसताना, आजीच्या बोटाला न शिवता उठून उभी राहिली.

"पडली ती तुमच्यासारखी, विहीणबाई," सालिका डोळे पुसत म्हणाली.

"आणि उठायला वेळ लावला तुमच्यासारखा," कुमुश म्हणाली. "आता गप बसा. दुसरा पाय हलतोय."